बीटी स्ट्रीटवरची पलटण

गेले अकरा दिवस एक कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून आहे. आधी त्याच्यावर लोणच्याची बरणी होती, मग विजेचं बिल आलं, आता माझा चष्मा आहे. कागद पालकांच्या संमतीचा. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, बारावीत शिकतो, आणि त्याला कॅनडाच्या लष्कराच्या राखीव दलात जायचंय. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकाची सही लागते. त्याचे बाबा त्याच रात्री सही करायला तयार होते. पण त्याने कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "आई, मला तुझी हवीय."

मी म्हटलं, थांब, मला जरा बघू दे तू कुठे चाललायस ते. या अकरा दिवसांत जे वाचलं, आठवलं, पायी फिरून पाहिलं, ते इथे लिहून ठेवतेय. थोडं त्याच्यासाठी, जास्त माझ्यासाठी.

राखीव दल म्हणजे अर्धवेळ सैनिक. आठवड्यातली एक संध्याकाळ, महिन्यातला एखादा शनिवार-रविवार, उन्हाळ्यात काही आठवडे सलग प्रशिक्षण. एरवी कुणी बँकेत असतो, कुणी गवंडीकाम करतो, कुणी कॉलेजात असतो. परदेशी मोहिमेवर जायचं तर बहुतेक जण स्वतःहून नाव देतात. आपल्याकडच्या टेरिटोरियल आर्मीची आठवण यावी असा हा प्रकार. फरक असा की कॅनडात आधी गावोगावच्या अर्धवेळ पलटणीच होत्या, त्यांना मिलिशिया म्हणायचे, आणि पूर्णवेळ पगारी फौज नंतर वाढली. म्हणून इथल्या जुन्या शहरांत मधोमध एखादी दगडी ड्रिल हॉलची इमारत सापडते. आपल्या गावात जशी तालीम असते, तशी. गावातली पोरं संध्याकाळी तिथे जमायची.

माझ्या मुलाला जिथे जायचंय ती पलटण म्हणजे ब्रिटिश कोलंबिया रेजिमेंट. व्हँकुव्हरमध्ये बीटी स्ट्रीटवर तिचा ड्रिल हॉल आहे. स्टेडियम-चायनाटाउन स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच पावलांवर. समोर बी. सी. प्लेसचं अवाढव्य स्टेडियम, आणि अलीकडे हा लहानसा किल्ला. खरंच किल्लाच, बुरूज काढलेले. दाराशी जुने रणगाडे ठेवलेले. मी सात वर्षं त्या रस्त्याने कामाला जातेय. पावसात छत्री सावरत इतक्यांदा तिथून गेले, पण दारावरचं नाव कधी पुरतं वाचलं नव्हतं. ही इमारत १९०१ साली ज्या राजपुत्राच्या हस्ते उघडली, तो पुढे पाचवा जॉर्ज झाला. त्याच्याच १९११ च्या भेटीची आठवण म्हणून मुंबईत गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला.

पलटण इमारतीपेक्षा जुनी आहे, आणि शहरापेक्षाही. व्हँकुव्हर हे शहर म्हणून नोंदलं गेलं १८८६ साली. पलटणीची सुरुवात १८८३ ची, किनाऱ्याच्या रक्षणासाठी उभ्या केलेल्या तोफखान्यापासून. मग तोफा गेल्या आणि रायफली आल्या, रायफली गेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आले. आता रणगाडेही नाहीत. आता त्यांचं काम टेहळणीचं, हलक्या गाड्यांतून पुढे जाऊन शत्रूचा माग काढण्याचं. एवढी रूपं बदलली तरी पलटण एकच धरली जाते. हे मला आधी विचित्र वाटलं, मग अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. साताऱ्याकडचे. त्यांच्या गावात चावडीजवळ भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, तशी त्या भागातल्या पुष्कळ गावांत आहे. या गावातून महायुद्धाला इतके जण गेले, त्यातले इतके कामी आले, असं इंग्रजीत कोरलेलं. अण्णा दुसऱ्या महायुद्धात गेले, मराठा पलटणीत. ते रेजिमेंट कधी म्हणाले नाहीत, 'पलटण'च म्हणायचे, आणि ज्या सुरात म्हणायचे त्या सुरात लोक कुलदैवताचं नाव घेतात. ज्या लढाया त्यांच्या जन्माआधी झाल्या त्यांच्याबद्दलही ते 'आम्ही' म्हणून बोलायचे. "आम्ही कुटला उपाशी राहिलो." इराकमधल्या कुटचा वेढा १९१५ च्या डिसेंबरात पडला आणि १९१६ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा अण्णा जन्मलेलेही नव्हते. लहानपणी मला वाटायचं म्हातारा गोंधळतोय. तो गोंधळ नव्हता. पलटणीत गेलेला माणूस मागच्यांची भूकही आपली मानतो, हे मला आता कळतंय.

पेन्शनच्या दिवशी ते तालुक्याला जायचे. आल्यावर आधी मोरीत जाऊन निळा झालेला अंगठा साबणाने घासत बसायचे, मग चहा. मूड असला की इटलीचं सांगायचे. चिखल, थंडी, पुलाविना नद्या. "शेजारी कॅनडावाले होते," एवढं एक वाक्य त्यात हमखास यायचं. १९४३ च्या हिवाळ्यात इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर आठवी भारतीय डिव्हिजन आणि पहिली कॅनेडियन डिव्हिजन शेजारी-शेजारी लढल्या, आणि त्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठ्यांची एक बटालियन होती, हे मी इथे आल्यावर वाचलं. कॅनडा हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो असा, साताऱ्याजवळच्या पडवीत, एका म्हाताऱ्याच्या तोंडून.

तर नाव. पलटणीचं पूर्ण नाव आहे 'ब्रिटिश कोलंबिया रेजिमेंट, ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन'. म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट यांची स्वतःची. इथले लोक पलटणीला लाडाने 'ड्यूक्स' म्हणतात. १९०० साली हे नाव मिळालं. आणि हा ड्यूक कोण ते बघायला गेले तर मी थेट पुण्यात पोहोचले.

ड्यूक ऑफ कॅनॉट म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा, राजपुत्र आर्थर. १८८६ च्या अखेरीपासून १८९० पर्यंत तो मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता. दिल्लीतलं कॅनॉट प्लेस त्याच्याच नावाचं. १९२१ साली इंडिया गेटची कोनशिला त्यानेच बसवली. पण मराठी माणसाला तो माहीत असायला हवा तो २ मार्च १८८८ या दिवसासाठी. त्या दिवशी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक आणि डचेस यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. शहरातले बडे लोक जरीकाठ आणि दागदागिने घालून आले होते. आणि तिथे जोतीराव फुले आले, शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात. भाषणाला उभे राहून त्यांनी राजपुत्राला सांगितलं की समोर बसलेली ही हिऱ्यामोत्यांतली माणसं म्हणजे हिंदुस्थान नाही. आसपासच्या खेड्यांत जाऊन बघा, अस्पृश्यांच्या वस्त्यांत जाऊन बघा, आणि आपल्या आईला, राणीला, सांगा की या लोकांना शिक्षण हवंय. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी मुंबईकरांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं.

शाळेत ही गोष्ट मी शिकले होते. त्यात एक ड्यूक होता, बस. तो पुढे कुठे गेला हे शाळेत कुणी सांगितलं नाही. तो पुढे कॅनडाला आला. १९११ ते १९१६ ही पाच वर्षं तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. म्हणजे १९१४ साली, जेव्हा हिंदुस्थानातली साधी माणसं पुन्हा एकदा त्या राज्याच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा देशाचा गव्हर्नर जनरल हाच होता. आणि त्यांना अडवायला धक्क्यावर उभ्या केलेल्या फौजेत त्याच्या नावाची पलटण होती.

'कोमागाता मारू' जहाज हाँगकाँगहून निघालं ४ एप्रिल १९१४ ला. ते भाड्याने घेतलं होतं गुरदित सिंग या पंजाबी व्यापाऱ्याने. जहाजावर ३७६ प्रवासी होते, त्यातले ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि त्यातले काही त्याच साम्राज्याच्या फौजेत चाकरी केलेले. २३ मे ला जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात आलं. कॅनडाचा तेव्हाचा नियम असा होता की येणाऱ्याने जन्मदेशातून मधे कुठेही न थांबता, एकाच प्रवासात यायला हवं. हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जहाजच नव्हतं. नियमात कुठेही हिंदी माणसाचं नाव नव्हतं, पण तो केला होता त्याच्यासाठीच. शिवाय प्रत्येकाकडे दोनशे डॉलर हवेत, ही आणखी एक अट. दोन महिने ते जहाज बंदरात नांगर टाकून उभं होतं. अन्नपाणी संपत आलेलं, किनारा डोळ्यांसमोर. आधीपासून इथे राहून गेलेले वीस जण आणि एक डॉक्टर व त्याचं कुटुंब एवढ्यांनाच उतरू दिलं. १९ जुलैला पोलिसांनी रात्री बोट घेऊन जहाजावर चढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा प्रवाशांनी वरून कोळसा आणि विटा फेकून त्यांना परतवलं. मग 'रेनबो' ही युद्धनौका आणली. कॅनडाच्या नौदलाकडे तेव्हा मुळात दोनच मोठी जहाजं होती, त्यातलं हे एक. धक्क्यावर मिलिशिया उभी केली. २३ जुलैला 'रेनबो'च्या पहाऱ्यात 'कोमागाता मारू' परत फिरलं.

जहाज सप्टेंबरअखेरीला कलकत्त्याजवळ बजबजला पोहोचलं. तिथे २९ सप्टेंबरला गोळीबार झाला आणि सुमारे वीस प्रवासी मेले.

हे वाचलं त्या रात्री मी तो कागद टेबलावरून उचलून कपाटात ठेवला होता. सकाळी परत काढला.

कपाटात ठेवावंसं का वाटलं ते नीट सांगते. धक्क्यावर उभे असलेले ते सैनिक कुणी क्रूर लोक नव्हते, निदान तसं समजायला काही आधार नाही. ते दुकानात काम करणारे, वखारीत हिशोब लिहिणारे, वकिली करणारे शहरातले तरुण होते. संध्याकाळी बीटी स्ट्रीटवर कवायतीला जाणारे. त्यांना हुकूम आला आणि ते उभे राहिले. माझा मुलगाही असाच तरुण आहे. उद्या त्यालाही हुकूम येईल. कुठल्या धक्क्यावर उभं राहण्याचा, हे त्याच्या आईला आज कोण सांगणार?

जहाज गेल्यावर बाराव्या दिवशी ब्रिटनबरोबर कॅनडाही पहिल्या महायुद्धात उतरला. पलटणीतले पुष्कळ जण सातव्या बटालियनमधून फ्रान्स-बेल्जियमला गेले. आणि बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळच्या दुसऱ्या लढाईत, एप्रिल १९१५ मध्ये, त्यांच्यावर क्लोरीन वायू सोडला गेला. जर्मनांनी २२ एप्रिलला संध्याकाळी शेजारच्या फ्रेंच फळीवर तो पहिल्यांदा वापरला, आणि २४ ला थेट कॅनेडियनांवर. मुखवटे नव्हते. ओल्या फडक्यांनी नाक-तोंड बांधून ही पोरं खंदकात राहिली. बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हार्ट-मॅकहार्ग या लढाईत कामी आले. ते व्हँकुव्हरचे वकील आणि नावाजलेले नेमबाज. मशीनगनवर शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या लेफ्टनंट बेल्यू यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. ड्रिल हॉलजवळून आज जो मोठा पूल जातो, त्याच्या आधीचा जुना पूल १९१५ साली बांधला तेव्हा त्याला हार्ट-मॅकहार्ग यांचं नाव दिलं होतं. लोक मात्र त्याला जॉर्जिया व्हायाडक्टच म्हणत राहिले.

त्याच लढाईत, त्याच गावाभोवती, २६ एप्रिलला हिंदुस्थानची लाहोर डिव्हिजन हल्ल्यात उतरली. पंजाबचे शीख, मुसलमान, पठाण. त्यांच्यावरही तोच पिवळा-हिरवा वायू आला. नऊ महिन्यांपूर्वी ज्या शहराने पंजाब्यांना धक्क्यावर पाय ठेवू दिला नाही, त्या शहराची पोरं आणि पंजाबातली पोरं एकाच आठवड्यात एकाच मातीत गुदमरून मेली. ज्यांची शरीरं सापडली नाहीत त्यांची नावं ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर आहेत, कॅनेडियनांचीही आणि हिंदी शिपायांचीही, एका छताखाली.

आणि त्याच वर्षी, १६ नोव्हेंबरला, लाहोरच्या तुरुंगात आपले विष्णू गणेश पिंगळे फासावर गेले. पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेऱ्याचा हा मुलगा अमेरिकेत शिकायला आलेला, परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर चळवळीत सामील झालेला. 'कोमागाता मारू'च्या वागणुकीने या किनाऱ्यावर जो संताप पेटला, त्यानेही गदरवाल्यांची परतीची घाई वाढवली. पिंगळे पकडले गेले ते मीरतच्या छावणीत, घोडदळाच्या लायनीत. पलटणीतल्या शिपायांना उठवायला गेले होते. कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. पलटण, हुकूम आणि इमान या तीन शब्दांबद्दल मी जेवढा विचार या अकरा दिवसांत केला तेवढा आयुष्यात केला नव्हता, आणि त्यात पिंगळ्यांचा चेहरा सारखा मधे येत होता.

पण मला जो माणूस सापडला आणि ज्याने कागद कपाटातून बाहेर काढायला लावला तो वेगळाच. मायकेल जेम्स ओ'रुर्क. सातव्या बटालियनमधला स्ट्रेचर वाहणारा साधा शिपाई. ऑगस्ट १९१७ मध्ये हिल ७० च्या लढाईत तीन दिवस आणि तीन रात्री तो गोळ्यांच्या माऱ्यात जखमींना उचलून आणत होता, त्यांना पाणी देत होता, पट्ट्या बांधत होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे पदक त्याने कुणालाही मारून मिळवलं नाही. युद्धानंतर तो व्हँकुव्हरच्या बंदरात हमाली करायचा, जहाजावरचा माल चढवायचा-उतरवायचा. १८ जून १९३५ ला बंदर कामगारांच्या संपात शेकडो लोक बॅलंटाइन धक्क्याकडे मोर्चाने निघाले, तेव्हा सर्वांत पुढे हा चालत होता, छातीवर पदकं लावून. पोलिसांनी अश्रुधूर आणि सोट्यांनी मोर्चा मोडून काढला.

तेच बंदर. एकवीस वर्षांपूर्वी याच पाण्याच्या काठावर त्याच्या पलटणीचे लोक बंदुका घेऊन उभे होते. आता त्याच पलटणीचा सर्वांत मोठा शूर दुसऱ्या बाजूने चालत येत होता.

पलटणीच्या कागदोपत्री ओ'रुर्कचं नाव अभिमानाने येतं. पण मला वाटतं, ज्या दिवशी तो मोर्चाच्या पुढे चालला तोही दिवस पलटणीचाच धरायला हवा. वारसा घ्यायचा तर असाच घ्यावा लागतो. वडिलोपार्जित घर आपल्या नावावर झालं की त्याच्यावरचं कर्जही आपलंच होतं. अंगण तेवढं माझं, बोजा दुसऱ्याचा, असं चालत नाही. अण्णा कुटच्या भुकेला 'आमची' म्हणायचे. तसंच बीटी स्ट्रीटवरच्या मुलांनी ईप्रही आपलं म्हणावं आणि १९१४ चा धक्काही.

इथे पलटणी मरत नाहीत, याचंही मला नवल वाटलं. व्हँकुव्हरमध्येच आयरिश फ्यूझिलियर्स नावाची दुसरी एक पलटण होती. १९६५ पासून ती नुसती यादीत उरली, तिच्यात एकही माणूस नव्हता. २००२ मध्ये ती ड्यूक्समध्ये विलीन झाली, आणि तिच्या लढाया, तिचे मान, तिची माणसं यांचा वारसा इकडे आला. महायुद्धातल्या ज्या बटालियन्स युद्ध संपल्यावर मोडल्या, त्यांचाही असाच कुणीतरी वारस ठरवलेला असतो. ओटी भरून दत्तक घ्यावं तसा हा व्यवहार, आणि तो फार गंभीरपणे पाळला जातो.

दुसऱ्या महायुद्धातली त्यांची गोष्ट मुलाने मला सांगितली. ती त्याला पाठ आहे. ऑगस्ट १९४४, फ्रान्समधलं नॉर्मंडी. रणगाड्यांची पलटण झालेल्या ड्यूक्सची ही पहिलीच मोठी लढाई. हुकूम होता की रात्रीतून पुढे जाऊन १९५ नंबरची टेकडी घ्यायची. लेफ्टनंट कर्नल डॉन वर्दिंग्टन रणगाडे आणि बरोबर अल्गॉन्क्विन रेजिमेंटचं पायदळ घेऊन अंधारात निघाले. धूळ, धूर, अनोळखी शेतं. वाट चुकली. ९ ऑगस्टला पहाटे ते एका टेकडीवर पोहोचले आणि त्यांनी वर कळवलं की आम्ही ठिकाणावर आहोत. टेकडी दुसरीच होती, काही किलोमीटर दूरची. एस्त्रे-ला-कांपान्य या गावाजवळची.

उजाडल्यावर जर्मन रणगाड्यांनी त्यांना चहूबाजूंनी घेरलं. मदतीचा तोफखाना मारा करत होता, पण १९५ नंबरच्या टेकडीवर, जिथे हे नव्हतेच. ब्रिटिश विमानांनी त्यांना पाहिलं, आधी शत्रू समजून त्यांच्यावरच हल्ला केला. मग पिवळा धूर सोडून खूण पटवल्यावर दिवसभर येऊन-येऊन त्यांना साथ दिली. म्हणजे आकाशातल्या वैमानिकांना ते कुठे आहेत हे दिसत होतं, पण ती बातमी योग्य माणसापर्यंत पोहोचली नाही. दिवसभर ते लढत राहिले. वर्दिंग्टन त्याच टेकडीवर पडले. अंधार झाल्यावर उरलेले जण पायी निसटले. त्या एका दिवसात पलटणीचे ४७ रणगाडे गेले.

मुलगा हे सांगत होता तेव्हा मी कणीक मळत होते. मी विचारलं, "अरे, ही तर हरल्याची गोष्ट. वाट चुकल्याची. यात अभिमान कसला?" तो जरा थांबला. म्हणाला, "ते पळाले नाहीत ना, आई." मग परत थांबून म्हणाला, "आणि नकाशा नीट वाचायला शिकायचं. आता पलटणीचं कामच ते आहे, टेहळणी." मला हे उत्तर आवडलं. एका चुकलेल्या वाटेची आठवण जपणाऱ्या पलटणीने पुढे वाट शोधण्याचंच काम पत्करावं, याला मी योगायोग म्हणेन, पण तो चांगला योगायोग आहे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हॉलंडमध्ये त्यांच्या रणगाड्यांनी झाइपच्या बंदरातल्या जर्मन जहाजांवर मारा केला. रणगाड्यांनी जहाजं बुडवली, म्हणून ही गोष्ट तो दरवेळी हसत सांगतो.

परंपरा पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काही मला नुसत्या देखाव्याच्या वाटतात. मेजवानीत पोर्ट वाइनची बाटली डावीकडेच सरकवायची वगैरे. त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही. पण एक परंपरा साऱ्या कॅनेडियन लष्करात आहे आणि ती मला मनापासून पटली. नाताळच्या आधी सैनिकांचं जेवण होतं. त्या दिवशी शिपाई बसतात आणि अधिकारी नि सार्जंट वाढतात. सर्वांत लहान वयाचा शिपाई कमांडिंग ऑफिसरचा कोट घालून त्या संध्याकाळपुरता प्रमुख होतो आणि प्रमुख त्याचा कोट घालतो. आमच्याकडे लग्नात यजमान स्वतः कमरेला पंचा बांधून पंगतीत आग्रहाने वाढायचा, तशी ही पंगत. जो हुकूम देतो त्याने वर्षातून एकदा तरी वाकून वाढावं. हुकमाची भीती मला वाटतेय, म्हणूनच ही पंगत मला महत्त्वाची वाटते.

आता हरजित सज्जन यांच्याबद्दल. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातल्या बंबेली गावात जन्म, पाच वर्षांचे असताना कॅनडात आले. १९८९ साली याच पलटणीत साधे ट्रूपर, म्हणजे शिपाई, म्हणून भरती झाले. दिवसा व्हँकुव्हर पोलिसात डिटेक्टिव्ह, उरलेल्या वेळात सैनिक. बोस्निया, मग अफगाणिस्तान तीनदा. दाढीवर नेहमीचा गॅस मास्क घट्ट बसत नाही, म्हणून दाढी असलेल्यालाही वापरता येईल असा मास्क त्यांनी स्वतः तयार केला आणि त्याचं पेटंट घेतलं. हे वाचताना मला ईप्रची फडकी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या पलटणीने जो पहिला वायू सोसला, त्या वायूविरुद्धचा मुखवटा शंभर वर्षांच्या आत तिच्याच एका शीख शिपायाने आपल्या दाढीसाठी बनवला. २०११ मध्ये ते पलटणीचे प्रमुख झाले. कॅनडाच्या लष्करात रेजिमेंटचं नेतृत्व करणारे ते पहिले शीख. २०१५ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री झाले.

१८ मे २०१६ ला पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी संसदेत 'कोमागाता मारू'बद्दल माफी मागितली. त्या भाषणात त्यांनी ही गोष्ट उघड सांगितली की ज्या पलटणीने ते जहाज घालवायला हातभार लावला, त्याच पलटणीचं नेतृत्व पुढे संरक्षणमंत्री सज्जन यांनी केलं, आणि ते इथे सभागृहात बसले आहेत. माफीने मेलेले परत येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण घरावरचा बोजा घरातल्याच माणसाने मोठ्याने वाचून दाखवणं यालाही मी कमी समजत नाही.

काल शनिवार होता. पाऊस नव्हता. मी मुलाला म्हटलं, चल, चालून येऊ. बीटी स्ट्रीटवरून निघालो, ड्रिल हॉलच्या दारात दोन मिनिटं थांबलो. मग डाउनटाउनमधून सरळ पाण्याच्या दिशेने कोल हार्बरपर्यंत. तिथे बागेत 'कोमागाता मारू'चं स्मारक आहे, प्रवाशांची नावं लिहिलेलं. त्याने ते आधी पाहिलं नव्हतं. सायकली जात होत्या, पाण्यावर उतरणारी विमानं उडत होती, समोर उत्तरेचे डोंगर. जहाज असंच इथे समोर उभं होतं. मी त्याला फुल्यांची गोष्ट सांगितली, फाटक्या वेषातल्या माणसाने ड्यूकला काय सांगितलं ती. त्याला महात्मा फुले नावाने माहीत होते, कारण आम्ही पुण्याला गेलो की मंडईत जातो. ड्यूक माहीत होता तो पलटणीच्या नावात. दोघं एका खोलीत होते हे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग नावं वाचायला लागला. एकेक, हळूहळू, पंजाबी नावांचे उच्चार चुकत. पन्नासेक वाचून झाल्यावर म्हणाला, "आई, धक्क्यावर जे उभे होते ते किती वर्षांचे असतील?"

"तुझ्याएवढेही असतील," मी म्हटलं.

"त्यांच्यातल्या कुणी बंदूक खाली ठेवली असती तर?"

"तर त्याला शिक्षा झाली असती."

"आणि ओ'रुर्कला?"

"त्याला सोटे खावे लागले."

तो परत नावांकडे वळला. उरलेली सगळी वाचली. मी बाकावर बसून राहिले. वारा गार होता, त्याने न विचारता स्वतःचं जाकीट आणून माझ्या खांद्यावर टाकलं आणि परत जाऊन भिंतीसमोर उभा राहिला.

घरी आल्यावर मी टेबलावरचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. सही केली, माझी नेहमीची, मराठीत. तो शेजारी उभा राहून बघत होता.

"अण्णांची सही कशी होती गं?" त्याने विचारलं. "त्यांनी भरती होताना केली असेल ना?"

"अण्णा अंगठा करायचे," मी म्हटलं.